मीटिंग पुढे ढकलली की रद्द केली?

ऑफिसची मेल लिहिताना हमखास अडतं ते इथे: मीटिंग ‘पुट ऑफ’ झाली म्हणायचं की ‘कॉल ऑफ’? दोन्हींच्या शेवटी ‘ऑफ’, त्यामुळे कुठलंही लिहिलं तरी चालेल असं वाटतं. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका मुलानं परवा मसुदा दाखवला: ‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ टिल थर्सडे.’ त्याला म्हणायचं होतं की मीटिंग गुरुवारवर गेली. पण ‘कॉल्ड ऑफ’ एवढं वाचूनच कुणी ती कॅलेंडरमधून काढून टाकली, तर गुरुवारी तो माणूस फिरकणारच नाही.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. काम शिल्लक राहतं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे ठरलेलं रद्द करणं. लग्न ‘पुट ऑफ’ झालं तर कार्यालयाची दुसरी तारीख बघायची. ‘कॉल ऑफ’ झालं तर लग्न मोडलं. आणि मीटिंग ठरल्या तारखेच्या आधी घेतली असेल तर? आपल्याकडचं ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतं. लंडनच्या क्लायंटला मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा, न्यूयॉर्कच्या क्लायंटला ‘मूव्ह अप’.

ही क्रियापदं मराठी माणसाला जड जाण्याचं कारण नाही, असं मला मनापासून वाटतं. ‘सांगून टाकलं’, ‘सांगून ठेवलं’ आणि ‘सांगून बसला’ यांत सांगणं तेच आहे. पण पहिल्यात मन मोकळं झालं, दुसऱ्यात पुढची सोय केली आणि तिसऱ्यात नको तो घोळ झाला. हे आपल्याला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं. इंग्रजीतही त्या छोट्या शब्दाकडे असंच कान देऊन बघायचं.

‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ घ्या. मुलगा सायकलसाठी चार दिवस हट्ट धरून बसलाय. बाबांनी कंटाळून सायकल आणली, तर बाबा ‘गेव्ह इन’. मुलानंच नाद सोडला, तर तो ‘गेव्ह अप’. ‘इन’ वापरताना समोर जोर लावणारं कुणीतरी किंवा काहीतरी असतं आणि आपण नमतो. ‘अप’मध्ये आपलं आपणच सोडतो. म्हणून ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्यानं सिगारेट सोडली, आणि ‘ही गेव्ह इन टू द क्रेव्हिंग’ म्हणजे तलफ आली आणि त्यानं ओढलीच. निकाल थेट उलटा!

बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन 2019’ सर्रास दिसतं. खडकवासल्याच्या एनडीएची ‘पासिंग आउट परेड’ आपल्या ओळखीची, आणि लष्करी प्रशिक्षणाच्या संदर्भात ‘शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं’ हा अर्थ ब्रिटनमध्येही चालतो. पण कॉलेजबद्दल बोलताना अमेरिकन माणूस त्याचा अर्थ ‘2019 मध्ये मी बेशुद्ध पडलो’ असा घेईल. परदेशी अर्ज करताय ना? मग ‘ग्रॅज्युएटेड’च लिहा.

‘फिल इन’ की ‘फिल आउट’ यावर मात्र वेळ घालवू नका. फॉर्म ब्रिटिश लोक बहुधा ‘फिल इन’ करतात, अमेरिकन ‘फिल आउट’. एखादीच रिकामी जागा भरायची असेल तर ‘फिल इन’.

जागेची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘इट’, ‘देम’ असे शब्द यांतल्या बऱ्याच जोड्यांच्या मधोमध बसतात: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’, ‘फिल इट इन’. ‘लुक आफ्टर’ ही जोडी मात्र फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च.

त्या मुलाला मी ‘पुट ऑफ’ समजावलं, पण मेलमध्ये तेही लिहू दिलं नाही. फोनवर, चहाच्या टपरीवर ‘पुट ऑफ’ छान वाटतं. लेखी कळवताना ‘पोस्टपोन्ड’ किंवा ‘कॅन्सल्ड’ हाच माझा कौल. त्यानं पाठवलेली मेल अशी होती: ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड टू थर्सडे, 11 ए.एम.’