सेंट अँड्र्यूजला जाताना न्यू कोर्स आधी निश्चित करा

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला निघालेला पाहुणा सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचेच नाव घेतो, आणि ते रास्तही आहे. मात्र तिथली वेळ आगाऊ मिळाली नाही तर दोन दिवस आधी निघणाऱ्या सोडतीवर भिस्त ठेवावी लागते, शिवाय रविवारी ते मैदान सहसा खेळासाठी बंद असते. म्हणून त्याला लागूनच असलेला, १८९५ मध्ये खुला झालेला न्यू कोर्स आधी निश्चित करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्राकाठच्या या वालुकामय जमिनीत पाणी झटकन झिरपते आणि तळ टणक राहतो. त्यामुळे वारा समोरून असताना चेंडू उंच उडवण्यापेक्षा ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बराच अलीकडे टाकून घरंगळत नेणे भरवशाचे ठरते, आणि पुण्या-मुंबईच्या झाडीतल्या मैदानांवर तयार झालेल्या हाताला हे तंत्र न्यू कोर्सवर निवांतपणे आत्मसात करता येते. कार्नुस्टीला शेवटच्या टप्प्यात बॅरी बर्न हा ओढा वारंवार आडवा येतो, तेव्हा नवख्याने ते मैदान दौऱ्याच्या अखेरीस ठेवावे. नॉर्थ बेरिक मात्र चुकवू नये: तेराव्या होलवर ग्रीनच्या पुढ्यातच दगडी भिंत उभी आहे, आणि तिच्यावरून अलगद उतरवलेल्या फटक्याइतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच मैदानाने दिलेला नाही.