चितवनमधले तीन महिने : परतल्यावर नऊ महिन्यांनी

गेल्या ऑगस्टच्या शेवटी नेपाळमध्ये, चितवन राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या सौराहाजवळच्या, तिथल्या थारू या आदिवासी समाजाच्या एका गावात स्वयंसेवक म्हणून गेले आणि नोव्हेंबरअखेर बोरिवलीला परतले. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले.

काम एकच होतं : उद्यानाभोवतीच्या पट्ट्यात, म्हणजे बफर झोनमधल्या सामुदायिक वनात मिकेनियाची वेल काढायची. ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. गेंडे ज्या गवतावर जगतात त्यावर ती पसरते आणि खालचं सगळं गुदमरतं. आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात घाणेरी माजलेली लहानपणापासून पाहते आहे, पण हिचा वेग भयंकर. कापून तिथेच टाकली तर पेरापेरातून मुळं फुटतात, फुलू दिली तर बी वाऱ्यावर उडतं. म्हणजे फुलोऱ्याआधी मुळासकट उपटायची, उचलून न्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच जागी यायचं. पावसात, जळवा झटकत. वनसमितीतल्या दिदी सुरुवातीला माझ्या मागून फिरून राहिलेले तुकडे वेचायच्या. महिन्याभराने ते थांबलं. दोन आठवड्यांसाठी आलेली मुलं मात्र हात बसायच्या आतच परत जायची. माझं स्पष्ट मत : तीन महिने काढता येत नसतील तर सरळ पर्यटक म्हणून जा. उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा नियमानुसार बफर झोनमधल्या गावांच्या कामांसाठी जातो, तेव्हा तुमचं तिकीटही कामी येतं.

मला तिथे पाठवणाऱ्या मुंबईतल्या मध्यस्थाबद्दल मात्र राग आहे. दर आठवड्याची फी घेतली, पण मी राहत होते त्या घराला त्यातलं किती मिळतं, हे तीनदा विचारूनही सांगितलं नाही. पैसे भरण्याआधी हे लेखी मागा.

घर मात्र सोन्यासारखं. आमा, म्हणजे घरातली आई, ढिकरी करायच्या : तांदळाच्या पिठाची, वाफवलेली, चटणीबरोबर. पहिला घास घेतला आणि आजीची निवगरी आठवली. घोंगी, म्हणजे गोगलगायी, मला जमल्या नाहीत आणि कोणी आग्रहही केला नाही. दसऱ्याला शेजारच्या पहाडी घरातल्या आजोबांनी टिळा लावून कानामागे जमरा खोचला. जवाचे पिवळे कोवळे अंकुर. आपण घटातलं धन खोचतो तसेच. परमुलखात आहे असं त्या दिवशी वाटलंच नाही.

भात पिकायला लागला की गेंडे शेतात उतरतात. घरातले पुरुष रात्र रात्र मचाणावर जागायचे. गेंडा वाचवण्याची किंमत कोण मोजतं, हे मी तिथे पाहिलं.

प्रवास सोपा आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, सीमा ओलांडली की पुन्हा बस. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्याच. आधारवर विसंबू नका. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं.

जुलैमध्ये दिदींनी आम्ही साफ केलेल्या वनाच्या तुकड्याचा फोटो पाठवला. वरच्या अंगाला गवत कमरेएवढं उभं आहे. ओढ्याच्या काठाने वेल परत आली आहे. या ऑगस्टमध्ये रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षीची आत्ताच मागून ठेवली आहे.