मांजर आधी की हिरवी अंडी?

मूल इंग्रजी वाचायला लागलं की अमेरिकन बाललेखक डॉ. स्यूसची दोन पुस्तकं हमखास समोर येतात: 'द कॅट इन द हॅट' (1957) आणि 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (1960). आधी कुठलं घ्यावं?

मांजराच्या पुस्तकात वेगळे शब्द 236 आहेत. शाळेतली क्रमिक पुस्तकं मुलांना कंटाळवाणी वाटतात, अशी ओरड तेव्हा अमेरिकेत होती. त्यातूनच ते लिहिलं गेलं. पावसाळी दिवस, आई बाहेर, घरात उंच टोपीवालं मांजर घुसतं आणि सगळा पसारा मांडतं. आई परत यायच्या आत आवरून होईल का, ही धाकधूक मुलाला पानं उलटायला लावते. गोष्ट म्हणून हेच सरस. पण लांबी बरीच, नवशिका मध्येच दमतो.

हिरव्या अंड्यांची गंमत वेगळी. प्रकाशक बेनेट सर्फ यांनी पैज लावली होती की फक्त 50 शब्दांत पुस्तक लिहून दाखव. स्यूसने दाखवलं! त्यातले 49 शब्द एकाच सिलॅबलचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारता येणारे, अपवाद 'एनीव्हेअर'चा. तेच शब्द फिरून फिरून येतात, त्यामुळे पाचव्या पानापासून मूल स्वतःच पुढचं यमक ओरडतं. कथानक मात्र नावाला: एक जण खायचा आग्रह करतो, दुसरा नको म्हणतो. (पंगतीतला आग्रह ठाऊक असलेल्या मराठी पोराला हे समजावावं लागत नाही.)

माझं मत विचाराल तर मुलाने स्वतः वाचायला अंडी, आणि रात्री तुम्ही वाचून दाखवायला मांजर.