अठ्ठावन्नाव्या वर्षी पोस्टाच्या खिडकीवर: ज्येष्ठ नागरिक बचत योजना कितपत उपयोगी?

योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. अडचण आत शिरण्याची आहे. नियमाप्रमाणे वय ६० लागते आणि राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षीच घरी जातो. ५५ ते ६० मधल्याला निवृत्तीच्या आधारावर खाते उघडता येते, पण अटींसह. गंमत अशी की गट 'ड'चा शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याचे काम वयाच्या पुराव्यावर भागते. साहेबांना मात्र कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन यावे लागते.

अटी दोन. निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडायचे, आणि ठेव निवृत्तीच्या मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त नको. शेत विकून आलेला पैसा साठीच्या आत इथे चालत नाही. पूर्वी मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिने झाली. खिडकीवर अजून जुनाच नियम सांगणारे भेटतात, तेव्हा वाद न घालता सुधारित अधिसूचनेची प्रत सोबत ठेवावी.

आता मराठवाड्यात नेमके कुठे अडते ते पाहू. पैसे एकाच दिवशी येत नाहीत. अर्जित रजेचे रोखीकरण, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे (कमाल ३०० दिवस), कार्यालयातूनच निघते, ते बहुधा लवकर येते. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याचे) आदेश नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून जिल्हा कोषागारात येतात, कारण विदर्भाबरोबर मराठवाड्याचीही प्रकरणे तिथेच होतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षक-ग्रामसेवकांचे सगळे परिषदेच्या वित्त विभागाकडून. वेतन पडताळणीत सेवापुस्तक अडकले की हे आणखी लांबते. म्हणून प्रत्येक रकमेची तारीख वेगळी, आणि बँक पासबुकातली ती नोंद हाच पोस्टासाठी पुरावा. ती ओळ छापून घ्या. 'मोबाईलवर मेसेज आलाय' म्हणून भागत नाही.

प्रमाणपत्रात चार गोष्टी हव्यात: नियत वयोमानाने निवृत्त झाल्याचा उल्लेख, पद, सेवेचा कालावधी आणि निवृत्तीच्या लाभांचा तपशील. चौथी गोष्ट हमखास राहते. आस्थापना लिपिक 'अमुक तारखेस सेवानिवृत्त' एवढे लिहून सही-शिक्का देतो आणि पोस्ट ते परत पाठवते. मसुदा आपणच टाईप करून न्यावा आणि नव्या साहेबांची बदली व्हायच्या आत सही घ्यावी. उपदान नंतर आले तर त्या रकमेसाठी सुधारित प्रमाणपत्र लागेल, हे लिपिकाला आधीच सांगून ठेवा.

बाकी कागद साधे: आधार, पॅन, फोटो, अर्ज. एक लाखावरची रक्कम चेकनेच. चेक वटायला दिवस लागतात, त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात जाणे म्हणजे स्वतःहून फसणे.

आता मिळते काय? एप्रिल २०२३ मध्ये कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के. केंद्र सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेते, पण खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये, ३० लाखांवर ६१,५००. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होते. दरमहा हवे असणाऱ्याला हे गैरसोयीचे. उचलले नाही तर त्या व्याजावर व्याज चढत नाही, म्हणून पोस्टातच बचत खाते काढून ते आपोआप वळते होईल असे करून घ्यावे. व्याज करपात्र आहे, आणि योजनेच्या नावात 'ज्येष्ठ' असले तरी ५८ वर्षांच्या माणसाला प्राप्तिकरातल्या ज्येष्ठांच्या सवलती मिळत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण रक्कम एका खात्यात. यातून अर्धवट पैसे काढता येत नाहीत, त्यावर कर्जही नाही. मुलीचे लग्न निघाले किंवा बोअर घ्यायची ठरली तर अख्खे खाते मोडावे लागते. वर्षाच्या आत मोडले तर व्याज शून्य, उचललेलेही परत कापतात: १० लाखांवर दोन हप्ते घेतले असतील तर ४१,००० मुद्दलातून वजा. एक ते दोन वर्षांत दीड टक्का, म्हणजे १५,०००; त्यानंतर एक टक्का. एकूण मर्यादेत अनेक खाती चालतात, म्हणून २० लाखांची ५-५-१० अशी तीन खाती करणारा शहाणा.

चौकाचौकातल्या मल्टिस्टेट सोसायट्या, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्था, यापेक्षा जास्त व्याज दाखवतात. पण पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखे ५ लाखांचे विमा संरक्षण नाही. बीड-संभाजीनगरकडे आयुष्याची पुंजी अडकलेल्या ठेवीदारांचे मोर्चे पाहूनही कोणी दोन-तीन टक्क्यांसाठी तिकडे जात असेल तर त्याला काय म्हणावे?

संयुक्त खाते फक्त नवरा-बायकोचे होते, पण रक्कम पहिल्या नावावरचीच धरतात. दोघेही नोकरीत असतील तर स्वतंत्र खाती काढावीत, म्हणजे दोघांना ३०-३० लाखांची मर्यादा मिळते. वारसाचे नाव अर्जातच भरा.

तीन महिन्यांची मुदत हुकलीच तर एजंटच्या नादी लागू नये. पैसे पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत साठी पूर्ण होईपर्यंतच्या मुदत ठेवीत ठेवावेत. त्यानंतर हेच खाते प्रमाणपत्राशिवाय उघडते, आणि तेव्हा पैसा उपदानाचा की उसाच्या बिलाचा, हे कोणी विचारत नाही.