70 मिलिमीटरचं ब्रिकेट मशीन: कोल्हापूरच्या मालावर किती चालतं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक पट्ट्यात पांढऱ्या कोळशाची, म्हणजे भुसा-टरफलं दाबून केलेल्या जळणाच्या कांडीची (ब्रिकेटची) चौकशी वाढली की पहिली नजर जाते ती 70 मिलिमीटर जाडीची कांडी काढणाऱ्या पिस्टन मशीनवर. राजकोटहून येणारी ही मशीनं बांधणीला दणकट असतात. क्रँकशाफ्ट, दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील, मध्ये माल ठोकणारा दट्ट्या म्हणजे रॅम आणि समोर निमुळता साचा म्हणजे डाय, एवढाच कारभार. डिंक, शेण, मळी काही घालावं लागत नाही. लाकडात आणि टरफलात लिग्निन हा धरून ठेवणारा नैसर्गिक घटक असतोच. दाबाने आणि घर्षणाने डाय तापली की लिग्निन मऊ होतं, आणि कांडी गार होताना माल धरून ठेवतं.

मशीनला आमच्याकडून चांगले गुण. पण ते कोरडा मालच दाबतं, आणि आपल्या भागात कोरडा माल आयता मिळत नाही. पैसे इथेच अडकतात.

ओलावा 8 ते 12 टक्क्यांत हवा. त्याच्या वर गेला की डायमध्ये वाफ कोंडते, कांडी फटफट आवाज करत तुकड्यांनी बाहेर उडते आणि अंगावर बाभळीच्या सालीसारख्या भेगा पडतात. 6 टक्क्यांच्या खाली गेला तरी गडबडच: माल धरत नाही, भुगा पडतो, डाय जाम होते. मुठीत दाबून अंदाज घेणारे मिस्त्री आहेत, पण त्यावर विसंबू नका. 100 ग्रॅम माल 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत काढू नका. 89 ग्रॅम उरला तर ओलावा 11 टक्के. दर खेपेला हे करायला हवं.

आता हिशेब बघा. 10 टक्के ओलाव्याचा 1 टन माल हवा असेल आणि कच्चा माल 30 टक्के ओला असेल, तर सुमारे 1,285 किलो माल घेऊन 285 किलो पाणी उडवावं लागतं. साखर कारखान्याचं ताजं बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, साधारण 50 टक्के ओलं असतं. तिथे 1,800 किलो घ्यायचं आणि 800 किलो पाणी उडवायचं. ड्रायरमधली गळती धरून किलोभर पाण्याला हजारेक किलोकॅलरी लागतात. म्हणजे टनभर कांडीमागे 200 किलोच्या आसपास कांडी नुसत्या वाळवणीत जळणार. शिवाय कारखाने बगॅस स्वतःच्या बॉयलरला आणि वीजनिर्मितीला वापरतात, त्यामुळे ते स्वस्तात हाती लागेल हा हिशेबच धरू नका. गुऱ्हाळाचं चिपाडही चुलवणातच जातं.

मग चालतं काय? टिंबर मार्केटमधल्या सॉ मिलचा भुसा सगळ्यात उत्तम: राख कमी, बांधणी घट्ट, डायला सुखाचा. फक्त ओल्या लाकडाचा भुसा वेगळा ठेवा, आणि माल बारीक कुटणाऱ्या हॅमर मिलच्या आधी चुंबक बसवाच. भुशात खिळा असतो, तो ठिणगी पाडतो आणि रॅमचं टोक खातो. भुईमुगाच्या शेंगांची टरफलंही छान, किलोला 4,000 किलोकॅलरीच्या वर उष्णता देतात. सोयाबीनचं भुसकट चालतं, पण मळणीच्या खळ्यावरची माती चाळून काढल्याशिवाय नाही.

उसाच्या पाचटाचं दुखणं वेगळं. शेतात ढीग दिसतो म्हणून सगळे त्यावर भिस्त ठेवतात. ते इतकं हलकं की मशीनवरच्या मालाच्या टाकीत, म्हणजे बंकरात, एकमेकांत अडकून कमान धरतं. खाली पोकळी होते, माल पुढे ढकलणारा फीडर रिकामा फिरतो आणि कांडी पोचट निघते. त्याला आधी कटर, मग 10-12 मिलिमीटरच्या जाळीची हॅमर मिल लागते. मशीनच्या पाटीवर तासाला 600-700 किलो लिहिलेलं असलं तरी नुसत्या पाचटावर तो आकडा धरू नका. त्यातलं पोटॅश राख वितळवतं, बॉयलरच्या जाळीवर खडे धरतात आणि ही कांडी जाळणाऱ्या इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याचा (सुताला खळ लावणाऱ्याचा) तक्रारीचा फोन येतो. भुसा आणि टरफलं मिळून 70 टक्के, पाचट 30 च्या आत, हे प्रमाण बरं पडतं. भाताचं तूस मात्र टाळा. त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राखच असते, आणि त्यातली सिलिका डाय कानशीसारखी घासते.

चांगली कांडी हातात घेऊन पाहा. बाहेरून गडद, चकचकीत, अंगावर आडव्या बारीक रेषा. रॅमच्या प्रत्येक ठोक्याला एक चकती बसते, भाकरीच्या चवडीसारखी, आणि मोडली तर त्या चकतीवरच मोडते. बादलीत टाकली तर बुडायला हवी. तरंगली म्हणजे घनता 1 च्या खाली, दाब कमी पडतोय. स्प्लिट डायचा, म्हणजे उभ्या चिरेच्या डायचा, क्लॅम्प थोडा आवळा, पण मशीन गार असताना नाही. सुरुवातीला सैल ठेवा, डाय तापल्यावर हळूहळू घट्ट करा. बंद करताना शेवटी कोरडा भुसा सोडा. पाचट आत राहिलं तर सकाळी छिन्नी घेऊन बसावं लागतं. डायपुढे कांडी गार होत सरकते ती लांब कूलिंग लाइन जागा वाचवायला तोडू नका. ती मागून दाबही धरते.

बुडालेली कांडी पाण्यात काही मिनिटांतच फुगून सुटते. जूनपासून इथला पाऊस आणि दमट हवा बघता पक्क्या छताचं, बाजूंनी बंद गोदाम हवं, आणि थप्पी लाकडी फळ्यांवर. गरम कांडीवर ताडपत्री टाकली तर आतून घाम सुटतो. गरम थप्पी धुमसून पेटतेही. पुरती गार झाल्याशिवाय रचू नका.

विजेचं म्हणाल तर 50 एचपीची मुख्य मोटर, म्हणजे 37 किलोवॉट. पूर्ण भारावर तासाला 600 किलो निघाले तर टनाला 60 युनिटच्या आसपास नुसती ती मोटर घेते. हॅमर मिल, फीडर आणि ड्रायरचा ब्लोअर वेगळा. थ्री-फेजचा मंजूर भार आधी तपासा.

कोटेशन घेताना ड्रायर, चुंबक आणि कूलिंग लाइन किमतीत आहेत का हे लेखी घ्या. रॅमचं टोक, वेअर रिंग (झिजली की बदलायचं कडं) आणि स्प्लिट डाय यांचा एकेक जास्तीचा संच मशीनसोबतच मागवा. टोकावर हार्डफेसिंग, म्हणजे कठीण धातूचा थर, करणारा वेल्डर शिरोलीत मिळतो, पण त्याच्याकडे काम असताना तुमचं मशीन दोन दिवस उभं राहतं.