अ‍ॅलम की सीपीजी: उंदरांसाठी कुठलं?

'प्रथिन तयार आहे, सोबत अ‍ॅडज्युव्हंट कुठलं देऊ?' पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न. अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे लसीतल्या प्रथिनासोबत देऊन प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद वाढवणारा पदार्थ. कॅटलॉगमधली विशेषणं बाजूला ठेवू.

मुख्य फरक दिशेचा. अ‍ॅलम (नावाला तुरटी, बाटलीत बहुधा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेल) उंदरांच्या टी पेशींना टीएच२ कडे (प्रतिपिंडं बनवायला मदत करणारा प्रकार) झुकवतं: आयजीजी१ (प्रतिपिंडाचा एक प्रकार) भरपूर, मारक टी पेशी जेमतेम. सीपीजी डीएनए (जिवाणूंच्या डीएनएसारखे छोटे तुकडे) टीएलआर९ ला (असा डीएनए ओळखणारं पेशीतलं प्रथिन) जागं करतं; डेन्ड्रिटिक पेशी (टी पेशींना इशारा देणाऱ्या) आयएल-१२ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, टीएच१ (पेशीत लपलेल्या जंतूंविरुद्ध मदत करणाऱ्या टी पेशी) वाढतात, आयजीजी२ए हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड चढतं. पण सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या उंदरांत आयजीजी२ए चं जनुकच नसतं. तिथे आयजीजी२सी मोजा, नाहीतर एलायझाची (प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीची) प्लेट कोरी राहील आणि शिव्या बिचाऱ्या सीपीजीला.

खर्चात अ‍ॅलम सरळ जिंकतं. १९२६ पासून वापरात आहे, फक्त गोठवू नका, गुठळ्या होतात. प्रथिन जेलला चिकटलंय का, तेही तपासा.

सीपीजीचे उंदरांतले आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. उंदरांत टीएलआर९ जास्त प्रकारच्या पेशींत असतं.

विषाला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांपुरतं काम असेल तर अ‍ॅलम पुरे. पेशीत लपणारा जंतू असेल तर सीपीजी घ्या. मी तर दोन्ही एकत्र देणारा तिसरा गटही ठेवला असता.