फ्लेवर्ड योगर्ट आणि डाएट: काही महिने खाऊन झाल्यावर

ग्रीक योगर्टबद्दल नाही लिहीत, साधं फ्रूट योगर्ट, मँगो-स्ट्रॉबेरीवालं, त्याबद्दल लिहितेय. वजन कमी करायचंय म्हणून संध्याकाळच्या फरसाणाऐवजी हे सुरू केलं. चव चांगली आहे, त्याबद्दल तक्रारच नाही. तक्रार आहे ती लेबलची, आणि त्यावरून कस्टमर केअरशी वाद घालूनही झालाय.

पुढे ठळक अक्षरात "लो फॅट". ॲडेड शुगरचा आकडा मात्र लेबलच्या जोडावर, अर्धा चिकटपट्टीखाली गेलेला. नखाने उचकटून वाचला तर १०० ग्रॅमला १०.५ ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखर, आणि ही दुधातली मूळ साखर सोडून वरून घातलेली. घटकांमध्ये दुधानंतर लगेच साखर, मग फ्रूट मिक्सच्या कंसात परत साखर. फळ त्या मानाने नावापुरतंच. फोन केला, मेल केला, उत्तर एकच की लेबल नियमानुसार आहे. असेल ना, पण वाचता तरी आलं पाहिजे की नाही?

आणि त्या "लो फॅट"चं मला खरंच वाईट वाटतं. घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपर्यंत फॅट असेल तर आपल्याकडे लो फॅट लिहिता येतं. टोन्ड दुधात फॅट ३ टक्केच असतं, मग त्याचं घरी विरजलेलं दही पण जवळपास तिथेच बसतं की, आणि डबल टोन्ड तर १.५ टक्के. म्हणजे जे घरात फुकट मिळतंय त्याचे जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर साखर घ्यायची.

हिशोब बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, मध, ज्यूस मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. माझं डाएट १४०० कॅलरीचं, त्याचे ५ टक्के म्हणजे ७० कॅलरी, साधारण साडेसतरा ग्रॅम साखर. एका कपात निम्म्याहून जास्त संपली, चहातली अजून धरलीच नाही. प्रोटीन म्हणाल तर साडेतीन ग्रॅम, साध्या दह्याइतकंच, त्यामुळे पाचला खाल्लं तर साडेसहाला परत भूक.

इथपर्यंत आल्यावर बंदच करणार होते. पण मग तोच कप रात्री जेवणानंतर खाऊन बघितला आणि मत थोडं बदललं. आमच्याकडे जेवणानंतर गोड लागतंच, फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा असतो, आणि श्रीखंडात १०० ग्रॅमला साखर ४० च्या घरात जाते. त्याच्या जागी हा कप आला तर फायदाच आहे. भुकेसाठी नको, स्वीट डिश म्हणून चालेल, तेही रोज नाही.

खरा आनंद मात्र चक्क्याने दिला. अर्धा लिटर टोन्ड दूध विरजायचं, दही पंच्यात बांधून चाळणीत ठेवायचं, खाली पातेलं आणि हे सगळं फ्रीजमध्ये. बाहेर नळाला टांगलं तर उन्हाळ्यात आंबतं आणि मग साखर घालावीच लागते, फ्रीजमध्ये ठेवलं तर गोडसर राहतं. पाणी निघून गेल्यामुळे घट्ट होतं, तेवढ्याच वाटीत प्रोटीन जास्त येतं. मे महिन्यात त्यात हापूसच्या चार फोडी घातल्या, साखर अजिबात नाही, आणि रात्रीपर्यंत भूक नाही लागली. निथळलेलं पाणी कणकेत जातं. दोन कपांच्या पैशात दूधही येतं आणि आंबाही.

आंबा संपल्यावर डाळिंबाचे दाणे घालतेय, पेरू पण छान लागतो, केळं मात्र लगेच काळं पडतं म्हणून ऐन वेळी घाला. कप घेणारच असाल तर दुकानातच फिरवून ॲडेड शुगरची ओळ शोधा, १०० ग्रॅमला ५ च्या आत असेल तर घ्या. ओळ सापडलीच नाही तर परत ठेवा, मी तरी तेच करते.